तांबडा संपला तेव्हा

खानापूरच्या शाळेत, पडवीच्या भिंतीवर
गुंडू चित्रगारानं जग काढलं,
सेहेचाळीस साली, इन्स्पेक्टर यायच्या आधी आठ दिवसांत.
साहेबाचं ते सगळं तांबडं, असा हुकूम.
कॅनडातच अर्धा डबा गेला.
आफ्रिकेत उतरता उतरता शिडीवरून ओरडला,
"गुरुजी, तांबडा संपला की!
येवढं असतंय काय एकट्याचं?"

मग त्यानं भट्टीवरून फुटक्या कौलांची भुकटी आणली,
जवसाच्या तेलात घोटली
आणि उरलेलं साम्राज्य
मलप्रभेच्या मातीनं पुरं केलं.
इन्स्पेक्टरनं शेरा मारला : समाधानकारक.

वर्षानं, ऑगस्टात,
पत्र्याचा तुकडा घेऊन तो हिंदुस्थान खरवडायला बसला.
आम्ही पोरं खाली, केसांत तांबडी पूड.
दक्षिण निघाली पापुद्र्यासारखी.
पंजाबपाशी गिलावाच हातात आला.
तेवढा भाग त्यानं चुन्यानं लिंपला,
दिवसभर कुणाशी बोलला नाही.

पुढं हेरेकर गुरुजी सोसायटीच्या रेडिओवर
बातम्या ऐकून चिठ्ठ्या आणत.
रंगाला मंजुरी नव्हती. उरल्यासुरल्या डब्यांवर देश सुटले.
घानाला लक्ष्मीच्या देवळाच्या दाराचा पिवळा,
केनियाला मूसा अत्तारच्या टांग्याचा हिरवा.
साठ साली तर सतरा.
"सावकाश सोडा म्हणावं त्यांस्नी, हात दुखाल्याय."
"सोडत नाही रे कुणी," गुरुजी म्हणाले,
"आवळलेली बोटं एकेक उकलावी लागतात."
मग सांगत बसले :
कुठं मळ्यातली माणसं कामावर उतरलीच नाहीत,
कुठं तुरुंगात जागा उरली नाही,
अल्जेरियात आठवं वर्ष आहे बंदुकीचं.
गुंडूनं ब्रश तेलात ठेवला
आणि आडावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

छप्पन्नला गुरुजींनी त्याला आतल्या रेघा काढायला लावल्या होत्या,
राज्याराज्यांच्या.
आमच्या गावापाशी ब्रश टेकला, उचलला.
मराठी पाटी तोच रंगवायचा, कन्नड पाटीही तोच.
"हितं ओलं आहे अजून," म्हणाला.

गोवा मात्र नखाएवढा.
त्याची बहीण रुक्माक्का साखळीला दिलेली.
नाका बंद झाल्यावर आई गेली,
तिला कळलं तेराव्यानंतर.
सात वर्षं तो त्या ठिपक्याकडं
डोळा चुकवून बघायचा.
एकसष्टच्या डिसेंबरात रात्रभर
लोंढ्याच्या वाटेनं ट्रक गेले,
दिव्यांचे झोत भिंतीवरनं सरकत राहिले,
अंगोला, मोझांबिक, कोरा समुद्र.
बातमी आली तेव्हा पत्रा मोठा पडला.
त्यानं नखानंच खरवडलं.
नखाखाली हिरवं घेऊन जेवायला बसला.

जानेवारीत आली ती,
पदराला खाज्याची पुडी, केस पांढरे.
नकाशासमोर उभी राहून म्हणाली,
"येवढंच व्हय आमचं?"
तो म्हणाला, "लांब मात्र लई होतं."

गुंडू नाही, गुरुजी नाहीत.
वर्गात छापील नकाशा आहे, दोऱ्यानं गुंडाळता येतो.
दर श्रावणात पडवीच्या भिंतीला ओल येते.
बाजारचा तांबडा कधीच गेला.
कौलाचा तेवढा चुन्यातून वर येतो,
आफ्रिकेच्या कडेनं, एखाद्या बेटावर.
मुलं विचारतात, बाई, हे कशाचे डाग?
मी सांगायला लागते, त्या साहेबाचे,
आणि अडते.
माती तर इथलीच होती.